वाट्याचा चढ

आपल्याकडे कुणाचे काही न घेण्याला फार मोठा मान आहे. 'जन्मात कुणापुढे हात पसरला नाही,' असे एखाद्याविषयी म्हटले, की ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप डोलतात. त्या माणसाने कुणाला काही दिले की नाही, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. मीही या मान डोलावणाऱ्यांतलाच. माझ्या हातून चार कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यांतल्या तिघींचे नायक असे आहेत, की बुडताना कुणी दोर टाकला तर तो कुणाचा आहे हे आधी विचारतील. वाचकांची पत्रे येतात ती याच तिघांविषयी. चौथ्या कादंबरीतला नायक शेजाऱ्याकडून उसनी साखर आणणारा होता. तिच्या प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत.

तेव्हा गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पसरणीच्या घाटात मला जो प्रश्न पडला, तो वास्तविक मला पडण्याचे काही कारण नव्हते. प्रश्न साधाच आहे. चालून आलेली मदत नाकारण्याचा हक्क माणसाला असतो, हे कबूल. पण तो हक्क कुठपर्यंत पोचतो?

माझी शाळा कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. सायकलीवरून लांब लांब जाण्याचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. सुट्टी लागली की कॅरियरला तंबू बांधायचा आणि निघायचे. त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली. मेहुणे जाऊन तीन वर्षे झाली होती. ओवाळून झाल्यावर मी ताटात पाकीट ठेवले, ते तिने उचलून माझ्या हातात परत दिले. म्हणाली, "पैसे नकोत, दादा. ओंकारला दोन-चार दिवस तुझ्याबरोबर कुठंतरी ने. घरात तोंडातून शब्द काढत नाही तो."

ओंकार सोळा वर्षांचा. दहावीला गणितात कसाबसा पार पडलेला, मान खाली घालून मोबाईलमध्ये बघत बसणारा. त्याला घडवावे, असे माझ्या मनात आले. शिक्षकाच्या मनात हे फार लवकर येते.

घरात सायकली दोन. एक माझी, जुन्या बाजारातून घेतलेली, गिअरची. दुसरी वडिलांची, काळी, दांड्याची, चोवीस इंची. ओंकारला काळी दिली. पोराचे पाय तरणे आहेत, असा विचार मी केला. म्हणजे खरे तर विचार केलाच नाही. बोजा मात्र न्यायाने निम्मा-निम्मा वाटला. भांडी, पीठ आणि पांघरुणे माझ्याकडे. तंबू आणि पाण्याचे कॅन त्याच्याकडे.

पहिल्या दिवशी वाईपर्यंत गेलो आणि एका नातलगांकडे मुक्काम केला. मला सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवसाविषयी. पहाटे उठून कोरेगावचा वाघ्या घेवडा डब्यात भिजत घातला. दिवसभर तो कॅरियरवर भिजत राहणार आणि संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर चढणार, असा बेत. कृष्णेच्या घाटावर गेलो तर पाण्यावरून धुके निघाले होते आणि ढोल्या गणपतीच्या देवळात कुणी एकटाच घंटा वाजवत होता. ओंकारने मोबाईलवर फोटो काढला. दोन दिवसांत त्याने आपण होऊन केलेली ही पहिली गोष्ट.

वाईतून बाहेर पडले की पसरणी लागते. शाहीर साबळ्यांचे हे गाव. १९२३ साली ते इथे जन्मले. त्यांचा तो खडा आवाज या घाटाला हाका मारतच तयार झाला असेल, असे मला तिथून जाताना दर वेळी वाटते. गाव संपते आणि घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० वर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांच्या वाटेत माणसाने सहाशे मीटर वर जायचे. मी शिकलेला बेताचाच, पण आकडेमोडीची खोड आहे. माणूस, सायकल आणि बोजा मिळून शंभर किलोच्या आसपास. एवढे वजन सहाशे मीटर उचलायला शरीर जितके जळते, त्याचा हिशेब मी एकदा मांडला होता. तो निघाला साधारण तीन भाकऱ्यांचा! एवढ्या घामाला तीनच भाकऱ्या म्हणजे निसर्गाने आपल्याला फसवले, असे वाटते. हा हिशेब मी ओंकारला ऐकवला. तो काही बोलला नाही. तो तेव्हा तिसऱ्या वळणावर सायकल ढकलत होता.

निम्मा घाट झाला असेल. खाली धोम धरणाचे पाणी दिसू लागले होते. मी पुढे, तो मागे शंभर पावलांवर. एवढ्यात रिकामे क्रेट घेऊन वर निघालेला एक टेंपो त्याच्यापाशी हळू झाला, मग माझ्यापाशी येऊन थांबला. चालवणाऱ्याने मान बाहेर काढली.

"ओ पावणं, टाका की सायकली मागं. पोरगं पार घायकुतीला आलंय."

"नको," मी म्हणालो, "आम्ही मुद्दाम सायकलनं निघालोय."

"आवो, पैसं न्हाई मागत मी."

"पैशाचं नाही हो. त्याला त्याच्या पायानं चढू द्या."

त्याने माझ्याकडे पाहिले, मागे ओंकारकडे पाहिले, आणि 'तुमची मर्जी' अशा अर्थाने हात हलवून गिअर टाकला. मला फार बरे वाटले. अभिमानच वाटला म्हणा ना. ओंकार तिथेच सायकलला टेकून उभा होता आणि टेंपो वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत होता. ते बघणे मी पाहिले. पाहून न पाहिल्यासारखे केले, कारण समोर चढ होता.

पाचगणीच्या वेशीपाशी सिल्व्हर ओकची उंच झाडे आहेत. त्यांतल्या एकाखाली तो बसला आणि त्याला भडाभडा उलटी झाली. मी पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला, चेहरा धुतला. मनात म्हटले, होते असे पहिल्या घाटाला. थोड्या वेळाने तोंड पुसत तो म्हणाला, "मामा, मला विचारलं नाहीत तुम्ही."

"काय विचारायचं?"

"टेंपोचं."

एवढेच. रागाने नव्हे, रडून नव्हे. उत्तरपत्रिकेत एक गुण द्यायचा राहिला आहे, हे मुलगा दाखवायला येतो ना, त्या आवाजात.

पाचगणी ते महाबळेश्वर हा एकोणीस किलोमीटरांचा रस्ता त्या मानाने सोपा आहे. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे, त्यांवर ताणलेला काळा कागद, आणि मधून सहलीच्या गाड्यांची अखंड रांग. गाड्यांतून आमच्याकडे कौतुकाने बघणारी माणसे होती. एकाने अंगठा वर करून दाखवला. मी हात केला, पण सकाळचा तो अभिमान काही परत येईना. सायकलीवर माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. पाय आपले काम करतात आणि डोके रिकामे राहते.

मला आधी आठवले माझे वडील. ते या काळ्या सायकलीवरून गावोगाव कापड विकत. कॅरियरवर कापडाचे गाठोडे, हँडलला गजाची पिशवी, आणि समोर आमच्याकडचे उजाड माळ. चढ आला की ते मालट्रकची वाट बघत. ट्रक हळू झाला की एका हाताने मागची साखळी धरायची आणि एका हाताने हँडल सांभाळत चढ काढायचा. जिवावरचे काम. पण ते त्याची गोष्ट हसत हसत सांगायचे. आपण कुणाचे उपकार घेतले, असे त्यांच्या ध्यानीमनीही नसे. त्यांना कुणी 'टाका की सायकल मागं' म्हटले असते, तर त्याचे वाक्य पुरे होण्याआधी गाठोडे टेंपोत पडले असते. त्यांना चढ चढायचा नव्हता, पलीकडच्या गावी जायचे होते. कष्ट ही गंमत होऊ शकते, हे त्यांच्या मुलाला सुचले. कारण त्यांनी आपल्या कष्टांतून मुलाला पगाराची नोकरी मिळवून दिली.

मग याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट आठवली. फ्रान्समध्ये सायकलींची एक मोठी शर्यत होते, टूर द फ्रान्स. १९०३ सालापासूनची. सुरुवातीच्या काळात तिचा नियम असा होता, की स्पर्धकाने आपली सायकल स्वतः दुरुस्त करायची, कुणाचा हात लागता कामा नये. १९१३ साली पिरेनीज पर्वतात तूर्माले नावाची खिंड उतरताना युजेन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. गड्याने सायकल खांद्यावर टाकली, दहा किलोमीटरांहून अधिक पायपीट करून खालच्या गावातली लोहारशाळा गाठली, आणि पंच समोर उभे असताना स्वतः लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. यात काही तास गेले. एवढे करूनही त्याला दंड झाला. कशाबद्दल? तर लोहारशाळेतल्या एका पोराने भाता चालवला होता!

ही गोष्ट वाचली तेव्हा मी पंचांवर चिडलो होतो. त्या रस्त्यावर मात्र निराळाच विचार आला. पंचांचे काय चुकले? तो खेळ होता. नियम माहीत असून क्रिस्तोफ त्यात उतरला होता. 'मला मदत नको' हे त्याने स्वतः, आपल्या तोंडाने, आधी कबूल केले होते. नियम कितीही खुळा असला तरी त्याने तो आपलासा केला होता, आणि म्हणून त्याच्या त्या दहा किलोमीटरांना शोभा आहे. पसरणीच्या घाटात खेळाडूही मी, नियम करणाराही मी, आणि पंचही मीच. आणि दंड मात्र ओंकारला.

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे त्यांतले तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. उरलेले तिघे वाटेतच या बेतातून बाजूला झाले. मी ही हकिगत वर्गात दर वर्षी सांगतो. पोरे डोळे विस्फारून ऐकतात. पुरे करणाऱ्या तिघांची नावे मी फळ्यावर लिहितो. थांबलेल्या तिघांची नावे आजवर एकदाही लिहिली नाहीत. 'आता पुरे, मी इथून मागे फिरतो,' असे बरोबरच्या मित्रांना सांगायला लागत असेल ते धाडस मोजायला आपल्याकडे माप नाही. ओंकारलाही ते सांगता आले नाही. मामापुढे, आणि तेही गुरुजी मामापुढे, सांगणार कसे?

महाबळेश्वरच्या बाजारात न थांबता आम्ही मेढ्याच्या रस्त्याला लागलो. पुढे केळघरचा घाट, आणि तो उताराचा. उतार लागला आणि ओंकार पहिल्यांदा माझ्या पुढे गेला. काळी सायकल उताराला चांगली धावते, वजनदार आहे. वाऱ्याने त्याचा सदरा फुगला होता. दिवसभरात तेवढा अर्धा-पाऊण तास तो सोळा वर्षांचा दिसत होता. घाट उतरता उतरता माझे मागचे चाक बसले. काटा होता. आम्ही ट्यूब काढून ठिगळ लावले आणि हवा भरायला गेलो, तर पंपाचे वायसर गेलेले. ऊन डोंगराआड गेले होते. मुक्कामाची जागा मी पुढे वेण्णेकाठी हेरून ठेवली होती; तिथवर पोचण्याची आशा उरली नाही.

रस्त्याच्या कडेला भाताची खाचरे होती, नुकतीच कापलेली. पलीकडे एक घर. तिथून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. डोक्याला मफलर, खांदे रुंद आणि एक दुसऱ्यापेक्षा अंमळ खाली उतरलेला. त्यांनी चाकाकडे बघितले, आमच्याकडे बघितले आणि म्हणाले, "पंप हाय शेजाऱ्याकडं. पर आता कुठं जाताय? हितंच खाचरात ऱ्हावा."

आम्ही तंबू उभा केला. म्हातारबाबा पेंढ्याचे दोन भारे घेऊन आले. "खाली टाका. रातच्याला ओल चढतीया." आणि माझ्या तोंडून सवयीने निघालेच, "नको बाबा, आमच्याजवळ सतरंजी आहे—"

"द्या आजोबा," ओंकार म्हणाला, आणि पुढे होऊन भारे घेतले.

घेवडा दिवसभर भिजून चांगला फुगला होता. शिजायला तास गेला. म्हातारबाबांच्या घरून नाचणीच्या भाकरी आल्या, त्या मी या वेळी मुकाट्याने घेतल्या, आणि घेवड्याची पातेली अर्धी त्यांच्या घरी गेली. चुलीपाशी बसून बाबा बोलत होते. जावळी आणि पाटण या तालुक्यांतली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला माथाडी कामाला गेली, त्यांतलेच ते. १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती, हे आपण वाचलेले असते. बाबांनी ते पाठीवर वाचले होते. आधी मस्जिद बंदर, मग बाजार नवी मुंबईला हलला तेव्हा वाशी. चाळीस वर्षे पोती वाहिली.

मी शिक्षकी आवाजात म्हणालो, "म्हणजे सगळं आयुष्य स्वतःच्या बळावर काढलंत, बाबा."

ते हसले. "स्वोताच्या बळावर? गुरुजी, क्विंटलाचं पोतं येकट्यानं पाठीवर घेताना कुनाला बघितलंय का? दोघं उचलून देत्यात, तवा तिसरा चालतोय. थप्पीला लावताना बी दुसरा लागतोच."

"आणि मधे?"

"मधी आपलं आपुन. चालत्या गड्याला मधी कुनी हात लावला तर तोल जातोय. मंग शिवी बसती."

"मग हात कधी लावायचा हे कळतं कसं?"

"खालचा सांगतोय की," बाबा म्हणाले. मला हे ठाऊक नाही याचेच त्यांना नवल वाटले. "ज्याच्या पाठीवर हाय त्यो 'हं' म्हनतोय. वरच्यानं ठरवायचं नसतं त्ये."

लाकूड पुढे सारून ते घरी गेले. शेजाऱ्याचा पंप आला होता. ओंकारने दोन्ही सायकली उलट्या करून चाके फिरवून पाहिली, साखळ्यांना तेल दिले. मी भांडी घासत होतो. तो मोबाईलचा उजेड धरून काहीतरी मोजतो आहे, हे माझ्या लक्षात आले.

"मामा, काळीला पुढं चव्वेचाळीस दाते आहेत, मागं अठरा."

"बरं."

"तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरला पुढं अठ्ठावीस, मागं पण अठ्ठावीस." मग थोडा वेळ तो गप्प राहिला. बोटे हलत होती. "म्हणजे तुमचा पायटा एकदा फिरला की तुम्ही दोन मीटर जाता. माझा फिरला की सव्वापाच."

गणित बरोबर होते. मी मनातल्या मनात पुन्हा करून पाहिले. गिअरची सारी युक्ती तीच आहे. एका फेऱ्यात थोडे चढायचे, म्हणजे पायावर थोडेच ओझे येते. फेरे मात्र जास्त मारायचे. अंतर तेच, भाकऱ्याही तेवढ्याच, पण ज्याला गिअर नाही त्याला प्रत्येक फेऱ्याला अडीचपट अधिक रेटा लावायचा. त्या घाटात मी त्याला 'त्याच्या पायानं चढू द्या' म्हणालो तेव्हा मी स्वतः गिअरच्या पायाने चढत होतो. तो यावर पुढे काही बोलला नाही. तेलाचा डबा बंद करून तंबूत गेला, आणि पेंढ्यावर पडल्या पडल्या झोपी गेला.

मला झोप आली नाही. पेंढ्याचा वास येत होता आणि डोळ्यांपुढे दुसरेच काही उभे राहिले होते. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मंडळाने आमच्या शाळेतल्या मुलांसाठी बूट आणले होते. चोवीस जोड. अट एवढीच, की मुलांनी बूट हातात धरून रांगेत उभे राहायचे आणि मंडळाच्या फलकासह फोटो काढायचा. मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, 'आमची मुले भिकारी नाहीत,' आणि खोकी जशीच्या तशी परत पाठवली. गावात माझे फार नाव झाले. पुढच्या पंधरा ऑगस्टला नारळ आणि शाल मिळाली. पण बूट परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "गुरुजी, त्यात माझ्या मापाचा होता का?"

ती वस्तीवरून चालत यायची. आमच्याकडच्या चैत्रातल्या फुफाट्यातून.

मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा 'जा, जागेवर बस' म्हणालो असेन. मी सरसकट चुकलो, असे आजही माझे म्हणणे नाही. पोराच्या हातात बूट देऊन त्याच्या गरिबीचे चित्र काढायचे आणि ते चार ठिकाणी मिरवायचे, हे नीचपणाचेच आहे; अशा देण्याला नाही म्हणणारा कुणीतरी पाहिजे. पण त्या दिवशी वाटा पुष्कळ होत्या. फोटो नाकारून बूट ठेवून घ्यायचा आग्रह धरता आला असता. पालकांना बोलावून विचारता आले असते. कदाचित ते म्हणाले असते, 'काढू द्या की फोटो, त्यात काय झिजतंय?' कदाचित माझ्यापेक्षाही कडक नकार त्यांनी दिला असता, आणि मग तो नकार त्यांचा झाला असता. निदान परत पाठवलेल्या जोडांपैकी काही मी माझ्या पगारातून विकत आणू शकलो असतो. यांतले काहीच मी केले नाही. ज्या वाटेवर मी उठून दिसत होतो, ती मी धरली. मानी मी होतो आणि पाय तिचे होते.

आणि हे केवळ माझ्यापुरते नाही. घराघरांत बघावे. 'आम्हाला कुणाचे काही नको' असे बैठकीत सांगणारा कर्ता पुरुष असतो. त्याचे ते 'काही नको' स्वयंपाकघरातली बाई निभावून नेते. भावाने देऊ केलेले गिरणीचे यंत्र ती परत पाठवते आणि जात्यावर नाही तरी डोक्यावर दळण घेऊन जाते. माझ्या बहिणीने भाऊबीजेचे पाकीट परत केले, तेव्हा ते तिचे स्वतःचे नाकारणे होते. त्याला माझा नमस्कार आहे. पण तिने नुसते नाकारले नव्हते. दुसरे काहीतरी मागितले होते, आणि काय हवे ते तिचे तिने सांगितले होते. मला ते इतके सरळ ऐकू आले, की त्यातले काही शिकायचे आहे असे वाटलेच नाही.

पहाटे चांगलीच थंडी होती. तंबूवरून दव ठिबकत होते. बाबांनी चहा पाठवला. ओंकार दोन्ही हातांनी पेला धरून बसला होता. मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. वर्गात प्रश्न विचारताना जसा घसा साफ करतो तसा केला.

"ओंकार, आज कसं जायचं? मेढ्याला एस.टी. मिळेल. किंवा सायकलनं साताऱ्यापर्यंत जाऊ. तू सांग."

तो बराच वेळ चहा पीत राहिला. मला वाटले, त्याला ऐकूच गेले नाही. मग म्हणाला, "सायकलनं. पण तुमची मी घेणार."

मेढ्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता तसा सपाट म्हणायचा. वेण्णेचे खोरे आहे. पण काळ्या सायकलीवर बसल्यावर मला कळले, की सपाट म्हणतात ते गिअरवाल्यांनी ठेवलेले नाव आहे. मेढे मागे पडले आणि पहिला लहानसा चढ आला. त्यालाच मी उतरलो आणि ढकलू लागलो. ओंकार पुढे हलक्या पायाने, जरा डुलत, चालला होता. तंबू त्याच्याकडेच होता. बोजा बदलायचा आम्हा दोघांनाही राहून गेला होता.

मागून दुधाचा टेंपो आला. माझ्यापाशी हळू झाला.

"काय पावणं, टाकायची का सायकल?"

मी इकडेतिकडे बघितले. माझ्या कादंबऱ्यांतला कुणी नायक तिथे नव्हता. "टाकू," मी म्हणालो. दोघांनी मिळून काळी सायकल किटल्यांच्या मधे आडवी केली आणि मी पुढे जाऊन बसलो. चढाच्या माथ्याशी ओंकारला गाठले. टेंपो त्याच्या बाजूने हळूहळू चालू लागला. मी खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, "ओंकार, तुझी टाकायची का?"

त्याने मला टेंपोत बसलेला पाहिले आणि तो हसला. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच. मान हलवून 'नको' म्हणाला आणि चार पायटे मारून पुढे गेला. मग काय मनात आले कोण जाणे, एक पाय टेकवून थांबला आणि आम्ही जवळ येताच म्हणाला,

"तेवढा तंबू घेता का, मामा?"